सीएची परीक्षा स्वस्त आहे, थांबणं महाग आहे

डोंबिवलीचा तो व्हिडिओ तुम्ही पण बघितला असेल, २०२४ च्या जुलैमधला. रस्त्याकडेला भाजी घेऊन बसलेली आई, मुलगा समोर येऊन सांगतो की मी सीए झालो, आणि ती माऊली उठून त्याला मिठी मारते आणि रडायला लागते. माझ्याकडे तो एका दिवसात इतक्या ग्रुपवर आला की शेवटी डाऊनलोड बंद केलं. खोटं कशाला सांगू, मी पण रडले, ऑफिसमधे, समोर जीएसटी पोर्टल उघडं होतं आणि आर्टिकल, म्हणजे सीएच्या हाताखाली उमेदवारी करणारा विद्यार्थी, बाजूला उभा होता सही घ्यायला. त्याआधी २०१३ मधे मालाडच्या चाळीत राहणाऱ्या रिक्षावाल्याची मुलगी सीएच्या फायनलला, म्हणजे शेवटच्या परीक्षेला, देशात पहिली आली होती, तेव्हा मी स्वतः आर्टिकलशिप करत होते आणि माझ्या आईने तो पेपर कापून डब्याखाली ठेवला होता, रोज डबा काढताना दिसावा म्हणून.

या दोन्हीबद्दल मनापासून आदर आहे. माझं डोकं फिरतं ते त्या व्हिडिओखालच्या कमेंट वाचून. "मनात असलं की होतंच", "गरिबी आड येत नाही, आळस आड येतो". अहो, येते ना गरिबी आड. रोज येते. एक भाजीवाल्या मावशींचा मुलगा सीए झाला ही बातमी होते याचाच अर्थ बाकीच्या मावशींची मुलं होत नाहीयेत, नाहीतर बातमी कशाला झाली असती, डॉक्टरचा मुलगा डॉक्टर झाला तर कोणी व्हिडिओ काढत नाही.

आधीच सांगते म्हणजे गैरसमज नको, मी स्वतः सीए आहे, दादरला माझी छोटी फर्म आहे, चार आर्टिकल आहेत, आणि परीक्षा सोपी करा असं मला अजिबात म्हणायचं नाहीये. कठीणच पाहिजे. ज्या माणसाच्या सहीवर बँक कर्ज देते त्याला ताळेबंद वाचता आलाच पाहिजे. माझं म्हणणं एवढंच आहे की आपण ज्याला परीक्षा म्हणतो त्या पेपरांच्या मागे एक दुसरी परीक्षा गुपचूप चालू असते, आणि ती विद्यार्थ्याची नसतेच, घराची असते. तुमचं घर किती वर्षं कमाईशिवाय थांबू शकतं? त्या परीक्षेत नापास झालेल्यांना आपण "अभ्यास कमी पडला" म्हणून मोकळे होतो.

आता लोक म्हणतात सीए हा गरिबाचा कोर्स आहे, फी किती कमी. हे खरं आहे, आणि सीएची परीक्षा घेणाऱ्या आमच्या इन्स्टिट्यूटला त्याचं श्रेय द्यायलाच पाहिजे. इंटर म्हणजे मधल्या परीक्षेच्या दोन्ही ग्रुपची (पेपर दोन गटांत असतात) नोंदणी १८,००० रुपये, फायनलची २२,०००, फायनलच्या दोन्ही ग्रुपची परीक्षा फी ३,३००. अटेम्प्ट वाढले नाहीत तर सगळं मिळून लाखभरात निभतं, आणि तिकडे मोठ्या आयआयएमचं एमबीए वीस लाखांच्या वर. पण हा हिशोब फक्त फीचा आहे. अकाउंट्सवाल्या माणसाने तरी असा अर्धा हिशोब करू नये, संधी खर्च नावाचा प्रकार आपल्याला कॉस्टिंगच्या पेपरातच शिकवतात. बारावी झालेला मुलगा चार-पाच-सहा वर्षं घरात काहीच आणत नाही, उलट लोकलचा पास, डबा, लेक्चरचे पैसे (एकेका पेपरच्या लेक्चरला आठ-दहा-पंधरा हजार सहज जातात), पुस्तकं, झेरॉक्स हे सगळं घेतो, आणि एवढं करून शेवटी होईलच याची खात्री नाही. ही खरी फी. ती चलनावर कुठे छापलेली नसते.

माझं घर भांडुपला. बाबांची एलबीएस रोडवरची फॅक्टरी बंद पडली होती, आई साड्यांना फॉल-पिको करायची, दादा बारावीनंतर कुरिअरमधे लागला होता. मी २०१० मधे फोर्टच्या एका फर्ममधे आर्टिकलशिपला लागले. तेव्हा नियमाने मुंबईत किमान स्टायपेंड पहिल्या वर्षी महिना १,००० रुपये, दुसऱ्या वर्षी १,२५०, तिसऱ्या वर्षी १,५००. आमच्या सरांनी नियम काटेकोर पाळला, म्हणजे किमान तेवढंच दिलं. पहिला स्टायपेंड आईच्या हातात ठेवला तेव्हा तिने त्यातले पाचशे मलाच परत दिले, महिनाभराच्या चहापाण्याला.

फायनलला मला पाच अटेम्प्ट लागले. पहिल्यांदा दोन्ही ग्रुप उडाले, मग पहिला ग्रुप निघाला, मग इस्काच्या (कॉम्प्युटर सिस्टिमच्या ऑडिटच्या) पेपरात ३८, पास व्हायला ४० लागतात. मग प्रत्येक पेपर सुटला पण ग्रुपची बेरीज १९६, पाहिजे २००. चार मार्क! त्या चार मार्कांची किंमत मी सांगू शकते तुम्हाला अगदी आकड्यात, दादाचं लग्न आणखी सहा महिने पुढे गेलं, कारण मी कमवायला लागल्याशिवाय खोलीवर पोटमाळा काढायचा कोणी विचारच करत नव्हतं. २०१६ च्या जानेवारीत रिझल्ट लागला आणि मी सीए झाले. सगळ्यांनी माझं कौतुक केलं, जिद्द जिद्द म्हणून. जिद्द माझी किती आणि दादाची किती हे मला माहितीये.

आणि माझी मैत्रीण. एकाच ऑफिसात होतो, एकाच टेबलाला. कांजूरला तिच्या आईचं पोळी-भाजी केंद्र होतं. कामात ती माझ्यापेक्षा कितीतरी हुशार, व्हाउचिंग करताना, म्हणजे नोंदी बिलांशी ताडून बघताना, तिचं नाक चालायचं अक्षरशः. एका क्लायंटकडे एकच बिल दोन वेगळ्या महिन्यांत दोन वेगळ्या नावांनी बुक केलेलं तिने पकडलं होतं, मी त्याच फायलीला आदल्या आठवड्यात हिरव्या पेनाने टिक मारून बसलेले. दुसऱ्या अटेम्प्टनंतर तिच्या धाकट्या भावाची इंजिनिअरिंगची फी आली. तिने चौदा हजारांची नोकरी घेतली. "एक वर्ष करते आणि मग देते गं," म्हणाली. तुम्हाला माहितीच आहे पुढचं. आज ती मुलुंडला एका बिल्डरच्या अकाउंट्समधे आहे, तिच्या वर जो बसतो तो सीए आहे, वयाने सहा वर्षांनी लहान, आणि बँक रिको (आपली पुस्तकं आणि बँकेचं स्टेटमेंट यांचा मेळ) जुळत नसली की तो तिलाच विचारतो.

तर मला सांगा, तिला परीक्षेने गाळलं का? तिला तिसरा अटेम्प्ट मिळाला असता तर ती पास झालीच असती असं मी म्हणत नाही, पण मला पाच मिळाले आणि तिला दोन, आणि तो फरक आमच्या दोघींच्या डोक्यातला नव्हता.

बरं, अटेम्प्टचं एवढं का महत्त्व? कारण निकाल हलतो. फायनलच्या दोन्ही ग्रुपचा निकाल बघा, मे २०२३ मधे ८.३३ टक्के, नोव्हेंबर २०२३ मधे ९.४२ टक्के, मे २०२४ मधे एकदम १९.८८ टक्के, आणि परत नोव्हेंबर २०२४ मधे १३.४४. पास व्हायची रेषा मात्र तीच, पेपरात ४० आणि ग्रुपमधे ५० टक्के. सहा महिन्यांत देशातली पोरं दुप्पट हुशार झाली आणि पुढच्या सहा महिन्यांत परत ढ झाली असं तर नाही ना? मे २०२४ ला नवा सिलॅबस आला, पेपर आठाचे सहा झाले, ३० टक्के एमसीक्यू आले, म्हणून असेल. पेपर कधी लांबलचक येतो, कधी बरा येतो. हे होणारच, कुठल्याही परीक्षेत थोडं नशीब असतंच. पण ज्याच्या घरात भाकरी चालू आहे त्याला वाईट पेपर म्हणजे फक्त पुढची तारीख, आणि ज्याच्या घरात नाही त्याला तो शेवटचा पेपर. हे नशीब सगळ्यांना सारखं लागत नाही.

म्हणून मला त्या निकालाच्या टक्केवारीचा अभिमान मिरवणाऱ्यांचं आश्चर्य वाटतं. आमच्या लोकांना "फक्त नऊ टक्के" हे सांगताना छाती फुगते. शंभरातले एक्याण्णव गेले याचा अभिमान तेव्हा धरा जेव्हा ते एक्याण्णव फक्त उत्तरपत्रिकेमुळे गेले असं तुम्ही छातीवर हात ठेवून सांगू शकाल. आणि ते सुद्धा शंभरातले नव्हतेच मुळात, फाउंडेशन (पहिली परीक्षा) आणि इंटरच्या चाळणीतून आलेले होते, जून २०२४ ला फाउंडेशनचाच निकाल १४.९६ टक्के होता.

आता सीएच्या अभ्यासक्रमाच्या नव्या स्कीमबद्दल. २०२३ च्या १ जुलैला, सीए डेलाच, ती लागू झाली आणि त्यात एक गोष्ट खरंच उत्तम झाली, परीक्षा वर्षातून तीनदा. फाउंडेशन-इंटर २०२४ पासून आणि फायनल २०२५ पासून. माझ्या वेळेला मे गेला की नोव्हेंबर, आता चारच महिने थांबायचं. ज्याने कोणी हे करून घेतलं त्याला माझ्याकडून वडापाव. आर्टिकलशिप पण तीनाची दोन वर्षं झाली. कागदावर बारावीनंतर साडेतीन वर्षांत मुलगा सीए होऊ शकतो.

पण याच स्कीममधे दोन गोष्टी अशा आहेत ज्या कॉन्फरन्स रूममधे बसून छान दिसतात आणि भांडुपच्या खोलीत बसून वेगळ्या दिसतात. आधी इंटरचा एक ग्रुप निघाला तरी आर्टिकलशिपला लागता यायचं, म्हणजे दुसरा ग्रुप देता देता हातात निदान लोकलच्या पासचे पैसे यायचे. आता दोन्ही ग्रुप निघाल्याशिवाय नाही. आणि आर्टिकलशिप संपल्यावर सहा महिने फक्त अभ्यास, मगच फायनल. अभ्यासाच्या दृष्टीने एकदम बरोबर आहे बरं का, आम्ही ऑफिसातून रात्री नऊला घरी येऊन जे वाचायचो त्याला अभ्यास म्हणणं म्हणजे विनोद होता. पण ते सहा महिने खाणार काय? स्टायपेंड थांबलेला, नोकरी धरली तर अभ्यास गेला. ज्याचे वडील स्वतः सीए आहेत त्याला ही सहा महिन्यांची सुट्टी, आणि दुसऱ्याला सहा महिन्यांचं कर्ज.

खरं तर स्टायपेंडवरच भांडण करायला पाहिजे आणि तिथेच आमचे सगळे गप्प बसतात, मी पण बसले होते बरीच वर्षं. २०१९ मधे सरकारने अप्रेंटिसशिपचे नियम बदलले तेव्हा पाचवी ते नववी शिकलेल्या अप्रेंटिसला किमान ५,००० आणि पदवीधराला किमान ९,००० ठरवले. त्याच सुमाराला मुंबईसारख्या शहरात आर्टिकलचा पहिल्या वर्षाचा किमान आकडा वाढवून २,००० केला होता. वाढवून! आता मोठ्या फर्म चांगले पैसे देतात, लोअर परेल-बीकेसीच्या काचेच्या बिल्डिंगीत पोरं पंधरा-वीस हजार घेतात, पण तिथे इंटरव्ह्यूला इंग्लिश लागतं, ओळख लागते, कॉलेजचं नाव लागतं. बाकीची पोरं येतात आमच्याकडे, दादर, ठाणे, बोरिवलीच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात, आणि आम्ही देतो पाच, सहा, सात हजार. त्यात मजा अशी की आर्टिकलला दुसरी नोकरी करायची परवानगीच नाही. म्हणजे पुरेसं द्यायचं नाही आणि बाहेर कमवू पण द्यायचं नाही. डिलिव्हरीची बॅग पाठीला लावून फिरणारा त्याच्याच चाळीतला पोरगा त्याच्या कितीतरी पट घरी नेतो आणि याला आई विचारते, तू नक्की करतोस काय रे दिवसभर?

यावर आमच्या लोकांचं ठरलेलं उत्तर आहे. एक, आम्ही शिकवतो, हा पगार नाही, ही विद्या आहे. दोन, आम्ही पण असंच केलं. दुसऱ्याला तर उत्तर द्यायची गरज नाही, सासूने छळलं म्हणून सुनेला छळायचं तत्त्वज्ञान आहे ते. पहिल्यात तथ्य आहे थोडं. आर्टिकलशिप ही मुंबईत काही आजची नाही, मुंबई सरकारने १९१८ मधे गव्हर्नमेंट डिप्लोमा इन अकाउंटन्सी सुरू केला तेव्हापासून, म्हणजे इन्स्टिट्यूट १९४९ ला जन्माला येण्याच्या तीस वर्षं आधीपासून, मोठ्या अकाउंटंटच्या हाताखाली उमेदवारी करायची रीत आहे. इंग्लंडात तर त्या काळी उमेदवारालाच साहेबाला प्रीमियम द्यावा लागायचा, म्हणजे कामही करा आणि पैसेही भरा. उमेदवारी कोणाला परवडत होती तेव्हा, तुम्हीच बघा. आणि शिकवण्याचं म्हणाल तर मी माझ्या आर्टिकलला पहिल्या दोन महिन्यांत जे शिकवते ते शिकवणं, पण नंतर वर्षभर तो जीएसटीआर-टू-बी (खरेदीवरच्या जीएसटीचं पोर्टलवरचं स्टेटमेंट) जुळवत बसतो, टीडीएसची चलनं भरतो, सप्टेंबरात टॅक्स ऑडिटच्या सीझनला रात्री अकराची लोकल पकडतो (नियमात आठवड्याला ३५ तास लिहिलेत, वाचून हसू येतं), त्या कामाचं बिल मी क्लायंटला लावते. ते बिल विद्येचं नसतं.

मला हे कळायला एक प्रसंग घडावा लागला, याची लाज आहे. गेल्या वर्षी एका आर्टिकलला वसईला क्लायंटकडे स्टॉक घ्यायला जायचं होतं तीन दिवस. आमची पद्धत अशी की कन्व्हेयन्सचं, म्हणजे प्रवासखर्चाचं, व्हाउचर महिनाअखेरीला पास होतं. तो दोनदा दारापर्यंत गेला, परत आला, आणि म्हणाला, "मॅडम, कन्व्हेयन्स आधी मिळेल का?" मी कामात होते, मी म्हटलं, "अरे महिनाअखेरीला सगळ्यांचं एकदमच होतं ना." तो "हो मॅडम" म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मुलीकडून कळलं की वसईला उतरून तो स्टेशनपासून चालत गेला, रिक्षा परवडत नव्हती म्हणून, आणि क्लायंटने फोन करून माझ्याकडे तक्रार केली होती की तुमचा माणूस उशिरा आला आणि घामाघूम होऊन आला, जरा प्रेझेंटेबल माणूस पाठवत जा. मी त्याला त्यावरून बोललेही होते. बोलून झाल्यावर कळलं.

मी तीच मुलगी होते हो, जिला आई पाचशे परत द्यायची. आणि टेबलाच्या पलीकडे गेल्यावर मला दिसेनासं झालं, दहा वर्षांत.

कोणी म्हणेल की हा तुमच्या धंद्याचा अंतर्गत मामला आहे, बाहेरच्यांनी का वाचावं. तर त्यासाठी परत भांडुपलाच यावं लागेल. पीएमसी या सहकारी बँकेचं हेड ऑफिस आमच्या ड्रीम्स मॉलमधे होतं. २०१९ च्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येतील असं जाहीर झालं, तेव्हा आमच्या चाळीतल्या काकू थेट माझ्याकडे आल्या, मी सीए ना. "ताई, याचं ऑडिट झालं होतं ना दरवर्षी?" झालं होतं काकू. "मग?" मग काय सांगू? एकाच बिल्डर ग्रुपची कर्जं लपवायला हजारो खोटी खाती दाखवल्याचा आरोप होता आणि पुढे ऑडिटरना पण अटक झाली. काकूंना त्यातलं काही कळत नव्हतं, त्यांना एवढंच कळत होतं की कोणीतरी सही केली होती.

गरिबाघरची पोरं जास्त प्रामाणिक असतात असलं भावनिक काही मला म्हणायचं नाहीये, पैशाची चणचण माणसाला वाकवू पण शकते. पण ती सही करणारा माणूस कोण असतो, कुठून येतो, त्याच्या ओळखीत कोणी असं आहे का ज्याची आयुष्याची पुंजी एका बँकेत आहे, याने फरक पडतो असं मला वाटतं. सगळेच जर अशा घरांतून आले जिथे चार-सहा वर्षं थांबणं हा प्रश्नच नव्हता, तर पतपेढीच्या, सहकारी बँकेच्या, हाउसिंग सोसायटीच्या पुस्तकांकडे ते कंटाळवाणं काम म्हणूनच बघतील. आजही बघतातच.

वरळीची अभ्यास गल्ली ऐकली असेल तुम्ही. बीडीडी चाळींतली पोरं वर्षानुवर्षं तिथे रस्त्याच्या दिव्याखाली बसून अभ्यास करतात आणि आपण त्याचं किती कौतुक करतो, करायलाच पाहिजे. पण एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीत सात माणसं आहेत म्हणून पोरगं रस्त्यावर बसलंय, हे वाक्य त्या कौतुकात कुठे येत नाही.

मग करायचं काय? माझ्या मते किमान स्टायपेंड पदवीधर अप्रेंटिसच्या आकड्याला बांधून टाका, म्हणजे तो वाढला की हा आपोआप वाढेल, दर वेळी कमिटी बसवायला नको. फायनलच्या आधीच्या त्या सहा महिन्यांसाठी गरज असलेल्यांना इन्स्टिट्यूटने बिनव्याजी पैसे द्यावेत, सीए झाल्यावर फेडतील, चार लाखांच्या वर मेंबर आहेत, वर्षाला प्रत्येकी थोडे काढले तरी मोठा फंड होतो. स्कॉलरशिप आहेत आत्ता, नाही असं नाही, पण त्या इतक्या थोड्या जणांना मिळतात की माझ्या चार आर्टिकलपैकी एकालाही त्यांचा अर्ज कसा करतात हे माहीत नव्हतं.

आणि तिसरं, माझ्या मैत्रिणीसाठी. २०२१ मधे यूजीसीने सीएला पोस्ट ग्रॅज्युएशनच्या बरोबरीचं मानलं, छान झालं. पण इंटर पास, आर्टिकलशिप पूर्ण, फक्त फायनल राहिलं, असा जो जुन्या स्कीममधला माणूस आहे त्याला काय नाव? बाजारात "सेमी क्वालिफाइड" म्हणतात, म्हणजे अर्धवट. लग्नाच्या बायोडेटात लिहायला पण लाज वाटते. एसीसीएवाले (ब्रिटनची अकाउंटंटांची संस्था) मधल्या टप्प्याला डिप्लोमा आणि अॅडव्हान्स्ड डिप्लोमा देतात, तिथे थांबलेल्या माणसाच्या हातात एक कागद तरी असतो. आमच्या वेळेला इथे पण अकाउंटिंग टेक्निशियन नावाचं सर्टिफिकेट होतं (नव्या स्कीममधे बिझनेस अकाउंटिंग असोसिएट नावाचं आहे), पण कोणत्याच एचआरने ते कधी विचारलं नाही आणि आम्ही पण घेतलं नाही, ते घेणं म्हणजे हार मानणं असं वाटायचं. नाव चांगलं द्या, पगाराशी जोडा, सरकारी भरतीत धरा. त्याने सीएची किंमत कमी होईल म्हणणाऱ्यांनी सांगावं की नर्सला नर्स म्हटल्याने डॉक्टरची किंमत कमी झाली का.

स्टायपेंडवर मात्र माझे मित्र खरंच चिडतात. "तू शहाणी आहेस, छोट्या फर्म बंद पडतील." बंद पडतील का? मी माझाच हिशोब मांडला. मी पहिल्या वर्षाला ६,००० देत होते, ते ११,००० करायचं ठरवलं, चार आर्टिकल, म्हणजे महिना २०,००० जास्त, वर्षाला २,४०,०००. छोटी रक्कम नाहीये माझ्यासाठी, दादरचं भाडं देऊन तर नाहीच. पण यातलं किती माझ्या खिशातून जायला हवं होतं आणि किती क्लायंटच्या? आम्ही एकमेकांच्या पायावर पाय देत फी पाडत गेलो, सोसायटीचं ऑडिट पाच हजारात, तो साडेचारात करतो, आणि ती तूट कुठून भरली तर पोरांच्या स्टायपेंडमधून. म्हणजे मुंबईतल्या कितीतरी दुकानदारांच्या, बिल्डरांच्या, सोसायट्यांच्या हिशोबाचं अनुदान भांडुप-कळव्याच्या आया फॉल-पिको करून देतायत.

तर एप्रिलमधे मी सगळ्या क्लायंटना मेल टाकला की फी वाढतेय. बहुतेकांनी कुरकुर करून दिली. एक जुना क्लायंट आहे, हार्डवेअरचं मोठं दुकान, दोन गोडाऊन, गाडी माझ्यापेक्षा चांगली. त्याने फोन केला.

"मॅडम, अचानक एवढी कशी वाढवली?"

मी म्हटलं, "आर्टिकलचा स्टायपेंड वाढवलाय हो."

तो खरंच गोंधळला. "पण मॅडम, तुमच्याकडे तर पोरं शिकायला येतात ना? म्हणजे फुकटच असतात ना?"

मी सांगितलं की तुमच्या गोडाऊनचा स्टॉक मोजायला जो येतो तोच तो, मागच्या वेळी चालत आला होता. पलीकडून जरा वेळ काही आवाज नाही. मग म्हणाला बघतो, भावाला विचारून सांगतो. आठवड्याने पैसे आले, पाचशे कमी करून.